फोटोपुरता उतार

तुम्ही माझा फोटो काढलात आणि मोकळे झालात. मी कुठे जाऊन संपतो, हे बघायला चार पावलं पुढे येण्याचीही तसदी घेतली नाहीत. नाव कुणाचं घेत नाही. ज्यांनी घ्यायचं ते आपलं आपण घेतील.

मी उतार बोलतोय. सोनगीरचा किल्ला जिथून दिसतो अशा एका लहान महाविद्यालयाच्या दारातला सिमेंटचा उतार. कागदावर माझं नाव रॅम्प. वय म्हणाल तर अजून वर्षही भरलेलं नाही, तेव्हा थोडं तोडून बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका प्रश्नामुळे झाला. आमच्या महाविद्यालयाचं मूल्यांकन तोवर कधी झालंच नव्हतं. यंदा नॅकला, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेला, सामोरं जायचं ठरलं. मला आधी वाटायचं, समिती येत असेल, हारतुरे घेत असेल, शेरा देऊन जात असेल. तसं नसतं. त्याच्याही आधी महाविद्यालयाला नॅककडे अर्ज करून सांगावं लागतं, की आम्ही तपासून घ्यायला तयार आहोत. म्हणजे नुसती उमेदवारी. ती मान्य झाली की पुढे अहवाल, पुरावे, समिती. त्या तयारीच्या कागदांत एक प्रश्न होता: चालता न येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत जाता येतं का? येत असल्यास फोटो जोडा.

फोटो जोडायचा तर आधी मी हवा. म्हणून अभिमन मिस्त्रींना बोलावणं गेलं.

"साहेब, कुठपर्यंत नेऊ?" मिस्त्रींनी प्राचार्यांना विचारलं.

प्राचार्य योगराज सर मनाने वाईट नाहीत, पण कागदाला फार भितात. त्यांनी डोळे बारीक करून दाराकडे बघितलं. "महाविद्यालयाची पाटी फोटोत आली पाहिजे. तिथपर्यंत ने."

मी पाटीखालच्या ओसरीपर्यंत गेलो आणि थांबलो. माझ्यापुढे तीन पायऱ्या होत्या आणि त्या चढल्यावर वर्ग सुरू होत होते. जगात उतार पुष्कळ असतील, पण पायऱ्यांपाशी नेऊन सोडणारा उतार म्हणजे पाण्यापर्यंत न पोहोचणारा दोर.

सुरुवातीला मला ते कळलंही नाही. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वनाआबांची मोटरसायकल. वनाआबा म्हणजे आमचे शिपाई. त्यांची गाडी किक मारून कधीच चालू होत नाही. मी झाल्यापासून ते सकाळी गाडी ढकलत माझ्या माथ्यावर आणून लावायचे. संध्याकाळी तिच्यावर बसायचे, ब्रेक सोडायचे, अर्ध्यात आले की गिअर टाकायचे. गाडी फुरफुरत चालू व्हायची.

"उतार भारी शे," ते मला पायाने थोपटून म्हणायचे. "कॉलेजना पैसा वाया नही गया."

कौतुक कुणाला नको असतं? मीही सुखात होतो. दुपारी कुत्री निजायची, कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा वाळत घालायचं. मग एके दिवशी सादिया आली आणि माझी झोप उडाली.

सादिया सोनगीरची, दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील गनीभाई लग्नाच्या मांडवाचं सामान लोडिंग रिक्षातून पोचवतात. त्या रिक्षात, मांडवाच्या खुर्च्यांबरोबर, सादियाची चाकांची खुर्चीही येते. रिक्षा थांबली की तिच्या मैत्रिणी धावत यायच्या, खुर्चीसकट तिला उचलायच्या आणि थेट वर न्यायच्या. नूतन त्यांची पुढारी. "सादे, तू बिर्याणी खाणं कमी कर," ती म्हणायची. "आणि तू नेम धरून उचलत जा, मागच्या वेळी भिंतीला घासलंस मला," सादिया म्हणायची. सगळ्या हसायच्या.

पण मी खाली असतो. खालून चेहरे नीट दिसतात. सादिया हसायची, पण उचललं जाताना ओठ घट्ट मिटून घेत असे. आणि कापूस वेचणी आली, की नूतन आणि बाकीच्या पोरी शेतात जायच्या. त्या आल्या नाहीत, की सादियाही यायची नाही. तिचं शिक्षण नूतनच्या शेतातल्या कापसापाशी अडायचं.

त्या वेचणीच्या दिवसांतच तिला मुद्दाम बोलावलं गेलं. फोटोसाठी.

वनाआबांची गाडी बाजूला झाली. शेंगा उचलल्या. मला धुतलं, कडेला पिवळा पट्टा ओढला. सादिया आपल्या हातांनी चाकं फिरवत माझ्यावरून चढली. त्याआधी माझ्यावरून आपल्या बळावर कुणी वर गेलं नव्हतं. तिच्या तळव्यांचा जोर मला चाकांमधून कळत होता. मला वाटलं, यासाठीच तर आपण जन्मलो.

फोटो झाला. सगळे चहाला गेले. सादिया ओसरीवर, तीन पायऱ्यांसमोर. वर भूगोलाचा तास चालू होता, आवाज खाली येत होता.

हेमांगी मॅडम तेवढ्या मागे राहिल्या. अर्जाचं सगळं काम त्यांच्याकडे. वयाने लहान, नोकरी नवी, रात्रंदिवस कागदात.

"मॅडम," सादिया म्हणाली, "फोटो झाला. तास कधी?"

मॅडमनी पायऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरंच बघितलं, असं ते पहिलंच माणूस.

"सादिया, हा फोटो जोडू का मी?"

"जोडा ना. फक्त खाली लिहा, ही मुलगी इथून परत घरी गेली."

दुसऱ्या दिवशी ओसरीवरच मॅडम आणि प्राचार्यांची जुंपली. मी सगळं ऐकलं.

"प्रश्नाला 'होय' लिहा आणि मिटवा," सर म्हणाले. "उमेदवारीच नामंजूर झाली तर? संस्थेला तोंड काय दाखवू मी? पाहुणे मुलगा बघायला आले, की घरात काय नाही ते सांगतं का कुणी?"

"सांगावं सर. सून तिथेच नांदायची असते."

मॅडम थांबल्या नाहीत. "आपण उमेदवार आहोत सर, आपला अजून पहिला नंबर आलेला नाही. अजून कुठे कमी पडतो आणि ते कधी भरून काढणार, हे सांगायलाच तर ही पायरी आहे. खोटं 'होय' लिहिलं, तर ही पोर तिथेच बसून राहील आणि कागदावर मात्र वर्गात पोचलेली असेल."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीन पायऱ्या आपल्या पायांनी चढले आणि वरून खाली बघितलं. रोज चढत होते, पण त्या दिवशी त्यांना त्या मोजाव्याशा वाटल्या.

"लिहा," ते म्हणाले. "उतार आहे, पण ओसरीपर्यंतच. पुढचं काम पुढच्या सत्राआधी करू. आणि लिहिल्यावर करावं लागेल, हे लक्षात ठेवा."

"त्यासाठीच लिहितेय सर."

अर्ज गेला. मीही धास्तावलो होतो, खोटं कशाला बोलू. उमेदवारी फेटाळली गेली असती, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. पण ती मान्य झाली. पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात अभिमन मिस्त्री पुन्हा घमेलं घेऊन आले. या वेळी त्यांनी कुठपर्यंत नेऊ, असं विचारलंच नाही.

मी ओसरीवरून वळलो, फुलझाडांचा वाफा ओलांडला, लांबून फेरा घेत चढलो आणि भूगोलाच्या वर्गाच्या उंबऱ्याला टेकलो. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लागले. समिती अजून यायची आहे. ती काय म्हणेल ते म्हणो. माझी तपासणी रोज सकाळी होते, आणि मी रोज पास होतो.

तुमच्याही गावात, बँकेपुढे, दवाखान्यापुढे, माझा एखादा भाऊ असेल. एकदा त्याच्यावरून शेवटपर्यंत जाऊन बघा. त्याच्यावर कुंड्या असतील तर हलवा. त्याच्यापुढे पायरी असेल तर कुणाला तरी जाब विचारा. वाट बघायला मला जमत नाही, त्यालाही जमत नसेल.

कालची गोष्ट सांगतो आणि थांबतो. कालही नूतन शेतात होती. सादिया मात्र आली, एकटी वर गेली, तास संपवून एकटी खाली आली. खाली वनाआबा मोटरसायकल धरून उभे होते. कठड्यांत हँडल अडतं, त्यामुळे त्यांची गाडी आता माझ्यावर चढत नाही.

"बठ्ठासनं भलं व्हयनं," ते कुरकुरले. सगळ्यांचं भलं झालं म्हणे. "आते मनी गाडी कशी चालू व्हई?"

"बसा आबा," सादियाने खुर्ची त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाला भिडवली. "आज मी ढकलते."

वनाआबांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, टोपी घट्ट केली आणि गाडीवर बसले.

"ढकल माय," ते म्हणाले. "पन फोटू काढू नका कोनी."