मागचा कोरडा हात

थोरला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, ‘फ्यूज बघितलात का?’ नशीब, बोलला नाही. बंद पडलेल्या मोटरीचं काय करायचं एवढंच त्याला ठाऊक, आणि इथे तर झाकण उघडायचीसुद्धा सोय नव्हती. तो खाली गेला, उन्हात उभी असलेली गाडी सावलीत लावली, आणि तेव्हापासून त्याला काही म्हणून वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही. वहिनीने ताट पुढे केलं की जेवायचा. भाजीत मीठ पडलं नाही तरी तेवढंच, दोनदा पडलं तरी तेवढंच.

दोघा भावांचा धंदा गालिचे धुण्याचा. मोठमोठ्या सभागृहांत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले गालिचे. ते काही उचलून नदीवर नेता येत नाहीत. म्हणून मशीन. एका टाकीतलं कोमट पाणी नळीने गालिच्यात सोडायचं आणि मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत परत घ्यायचं. सोडायला अक्कल लागत नाही. परत मिळवणं हीच सगळी विद्या. आत राहिलेलं पाणी खाली मुरतं, चार दिवसांनी कुबट वास सोडतं, खुर्च्यांच्या पायांचे तांबडे गोल उमटवतं.

थोरल्याच्या काळात या भावांची ख्याती अशी, की सकाळी धुतलेल्या गालिच्यावर दुपारी काडी घासली तर पेटते. लोकांना वाढवून सांगायची खोडच असते. खरं म्हणजे दोनदा घासावी लागे.

आता मात्र गालिचे ओले राहू लागले. एकेक गिऱ्हाईक गळालं. उरलं एका हॉटेलचं सभागृह. तिथला मॅनेजर गोड बोलून सोलणारा माणूस.

“गालिचा धुताय की मासे पाळताय?” त्याने विचारलं. “परवा एका पाहुण्याने बूट काढले, तर मोजे पिळून पुन्हा घातले. गुरुवारी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांची सभा आहे. सकाळी धुवा. दुपारी मी स्वतः हात लावून बघणार. ओला लागला तर आपला रामराम.”

धाकट्याने हे घरी जसंच्या तसं सांगितलं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं. वहिनी पोळी लाटत होती. ती म्हणाली, “भाऊजी, हे काम गेलं तर मशीन देऊन टाकू. एक जण मागतोय. त्याला मोटरी हव्यात, बाकीचं तो भंगारात घालणार आहे.”

“बरं,” धाकटा म्हणाला.

त्याला वाईट वगैरे काही वाटलं नाही. पण हातातला घास हातातच राहिला, आणि पोळी गार झाली तरी तो तसाच बसून होता. वहिनीने ते पाहिलं. दोघा भावांनी मिळून केलेली एवढी एकच वस्तू जगात उरली होती, आणि तिचे तुकडे होणार होते.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन मोटरवाल्याकडे गेला. हा थोरल्याचा जुना दोस्त. मोटरी दुरुस्त करणारा आणि त्याहून जास्त तोंड चालवणारा.

“ओढ कमी पडतेय,” धाकटा म्हणाला.

“मशीनची की तुझी?”

धाकट्याने मशीन पुढे ढकललं. मोटरवाल्याने सुस्कारा सोडला आणि पाने काढले.

दोघांनी मशीन उभं आडवं खोललं. मैल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तिथून हवा चोरपावलांनी आत शिरत होती. नवं रबर बसवलं. नळीजवळ जळता कागद धरला, तर तीन ठिकाणी धूर आत ओढला गेला. ती भोकं बुजवली. नळी लांब तितकी ओढ कमी, म्हणून तिचा उगाचचा लांबडा तुकडा कापून टाकला. जाळीत अडकलेल्या धाग्यांचा बोळा निघाला तो उशीत भरण्याजोगा. गालिच्यावर फिरवायच्या दांडीचं तोंड एका बाजूने झिजलं होतं, ते घासून सपाट केलं. आणि शेवटी दोन मोटरी एकीमागे एक जोडल्या, म्हणजे पहिलीने ओढलेली हवा दुसरीने पुन्हा ओढायची.

बटण दाबलं. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या रिळाचं एक टोक वाऱ्यावर इकडे आलं होतं, ते नळीत गेलं. मोटरवाला शपथेवर सांगतो, की आधी रीळ रिकामं झालं, मग गिऱ्हाईक घालून बघत होतं त्या कोटाची बाही उसवली, मग कॉलर, आणि शिंपी ओरडत येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या अंगावर नुसते खिसे उरले होते.

“बघ, हसलास ना?” मोटरवाला म्हणाला.

“नाही,” धाकटा म्हणाला. खरंच तो हसला नव्हता.

गुरुवारी सकाळी वहिनीही गाडीत येऊन बसली. “पाणी भरायला कोणी लागेलच की,” म्हणाली. सभागृह मोठं, खिडक्या उंच, खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. गालिचा गडद निळा, त्यावर पिवळ्या वेली. मशीन सुरू झालं आणि त्या वेलींनी, म्हणे, माना वळवून दांडीकडे पाहिलं.

धाकटा कामाला लागला. खटका दाबून दांडी मागे ओढायची, पाणी सुटतं आणि ओढलंही जातं. हा ओला हात. तेवढा पट्टा झाला की एक पाऊल डावीकडे, पुढचा पट्टा. तालात चाललं होतं. सभागृहाचा चौथा हिस्सा धुऊन झाल्यावर त्याने मैल्या पाण्याची टाकी बादल्यांत उपसली आणि जेवढं पाणी घातलं होतं त्याच्याशी ताडून बघितलं.

निम्मंसुद्धा परत आलं नव्हतं.

त्याने झाकण तपासलं. नळीच्या तोंडावर तळवा धरला, तो असा चिकटला की सोडवायला मोटर बंद करावी लागली. ओढ जबरदस्त होती. पाणी मात्र गालिच्यातच.

“मशीन ठीक आहे,” तो म्हणाला.

“हो ना,” वहिनी म्हणाली. ती भिंतीशी खुर्चीत बसून मघापासून मशीनकडे नाही, त्याच्या पायांकडे बघत होती. “भाऊजी, एक विचारू? प्रत्येक पट्टा झाला की तुम्ही असे अंग चोरून बाजूला का होता?”

“कुठे?”

“करून दाखवा.”

त्याने खटका दाबला, दांडी ओढली, आणि डावीकडे सरकला. खरंच, खांदा आत घेऊन, कोपर पोटाशी लावून. मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसा.

“मी लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हा दोघांबरोबर आले होते, तेव्हा पाहिलंय,” वहिनी म्हणाली. “हे असेच पुढे सरकायचे. मागून तुम्ही यायचात. दुसरी दांडी घेऊन, पाणी न सोडता. एकेका पट्ट्यावरून दोनदा, तीनदा, सावकाश.”

“कोरडा हात,” धाकटा म्हणाला.

“मग ह्यांचं काम तुम्ही करताय. तुमचं कोण करतंय?”

धाकटा गालिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं गिऱ्हाइकं थोरल्याशी बोलत, थोरल्याला शाबासकी देत. स्वतःच्या कामाला तो ‘मागे चालणं’ म्हणायचा. त्या मागे चालण्यानेच गालिचे कोरडे होत होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. थोरला गेल्यावर तो सरळ थोरल्याच्या जागी उभा राहिला. मशीनला दुसरी दांडी जोडायचं तोंड त्याने टोपण लावून बंद केलं. सगळे म्हणत होते थोरला नाही; आणि इकडे कामावरून गायब होता तो धाकटा.

हे कळल्यावर छातीत काहीतरी हलायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. काही हललं नाही. तो जाऊन गाडीतली दुसरी दांडी घेऊन आला, आणि टोपण काढून त्याने ती जोडली.

वहिनीने बाह्या वर सारल्या. “द्या ती पहिली इकडे. खटका दाबायला काय लागतं? अक्कल लागत नाही असं तुमचे दादाच म्हणायचे.”

“खटका सोडायचा कधी ते कळावं लागतं.”

“मग ते सांगा.”

तिने पुढे ओला हात मारला, तो मागून कोरडा मारत गेला. पहिले पट्टे वाकडेतिकडे गेले, नळ्या एकमेकींत अडकल्या, वहिनी एकदा आपल्याच नळीवर आपटली आणि नळीलाच रागावली. आधी धुतलेला चौथा हिस्साही धाकट्याने पुन्हा कोरड्या हाताने काढला. दोन मोटरींची ओढ आता कामी येत होती. नळीतून पाणी गुरगुरत मागे धावत होतं. मग गुरगुर कमी कमी होऊन नुसती हवा वाजू लागली, की पुढचा पट्टा. टाकी उपसली तेव्हा घातलेलं बहुतेक पाणी परत आलं होतं. मोटरवाला पुढे सांगायचा की घातल्यापेक्षा जास्त आलं, आणि त्यात एक जिवंत मासाही होता. ते सोडून द्या.

दुपारी मॅनेजर आला. कोटाची घडी सांभाळत वाकला, तळवा दाबला. दुसरीकडे दाबला. मग कोपऱ्यात जाऊन दाबला, कारण लोक कोपऱ्यातच कामचोरी करतात हे त्याला माहीत होतं. तळवा नाकाशी नेला.

“हं,” तो म्हणाला. खोट सापडेना, तेव्हा जिन्याकडे बोट करत म्हणाला, “वरचा पॅसेज पण करून टाका. तिथलाही वास मारतोय.”

म्हणजे काम टिकलं, आणि मशीनही. वहिनीने पदराने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. धाकट्याने मान हलवली आणि नळ्या गुंडाळल्या. दोघांनी मशीन एकेक पायरी करत वर चढवलं.

पॅसेज अरुंद, दोन्हीकडे बंद दारं. वहिनीला आता कामाची गोडी लागली होती. ती सपासप दांडी ओढत निघाली. धाकटा मागे पडत चालला. त्याच्या दांडीखालचं पाणी अजून गुरगुरत होतं, आणि ती तीन दारं पुढे.

“वहिनी,” तो म्हणाला, “हळू.”

ती थांबली. वळून बघायला लागली. गेल्या कित्येक दिवसांत त्याने आपणहून कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

“असं ह्यांना म्हणायचात का कधी?”

“नाही.”

“का?”

“तो बरोबर चालायचा.”

“आणि मी?”

“तुम्ही आग लागल्यासारख्या पळताय.”

“बरं बाई,” वहिनी म्हणाली, आणि दांडी टेकवून उभी राहिली.

धाकटा पट्ट्यावरून पुन्हा एकदा सावकाश गेला. पाणी वाजत होतं, वाजत होतं, मग हवा वाजली. त्याला अजूनही काही वाटत नव्हतं. पण पट्टा कोरडा झाल्याचं कळत होतं.

“चला,” तो म्हणाला.