तू कुठली गो?

चिमा बोलायला लागली ती पौष महिन्यात. तोवर हुंकार आणि बोट दाखवणं यापलीकडे तिची मजल गेली नव्हती. चार वर्षं झाली तरी पोर मुकी म्हणून आईने तिला रत्नागिरीला नेऊन कानही तपासून आणले होते. कान चांगले होते. काही मुलं उशिरा बोलतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तिचं खरं नाव सिर्जना. गावात कुणाच्या जिभेला ते वळेना, म्हणून चिमा. तिची आई मनमाया आणि बाप धनबहादूर नेपाळातून हेमाताईंच्या बागेत राखणीला आलेले. असे गुरखे कोकणात पुष्कळ. मोहराच्या आधी येतात, आंबा संपला की परततात. ही दोघं मात्र राहिली. चिमा इथेच झाली आणि सड्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या कातळपठारावरच्या बागेत, पत्र्याच्या खोलीत वाढली. हेमाताई गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, राहायला रत्नागिरीत. एक दिवसाआड स्कूटरवरून बागेत चक्कर असायची.

त्या दिवशी त्या पोचल्या तर मनमाया खोलीच्या दारात गुडघे मिटून बसली होती. पोरगी बोलू लागली, असं तिने सांगितलं, पण चेहऱ्यावर आनंद दिसेना. काय बोलते, असं विचारल्यावर तिने नुसती मान हलवली. तिला ते कळतच नव्हतं.

चिमा वरच्या अंगाला एका कलमापाशी उभी होती. भर दुपार, वारा पूर्ण पडलेला. हेमाताई जवळ गेल्या तेव्हा पोरीने खोडावर तळवा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "रुसकी औंदा धरायची नाय."

हेमाताई जागच्या जागी थांबल्या.

त्या झाडाला रुसकी म्हणणारं जगात एकच माणूस होऊन गेलं होतं. खालच्या वाडीतली गोदा. या बागेत तिने उभा जन्म काढला. हेमाताई लग्न होऊन आल्या तेव्हा एकेका कलमाची ओळख तिनेच करून दिली होती, माणसांची करून द्यावी तशी. एका वर्षी लगडायचं आणि पुढल्या वर्षी रुसून बसायचं, म्हणून ही रुसकी. ते नाव गोदाच्याच तोंडी राहिलं, दुसऱ्या कुणी उचललं नाही. पुढे गोदा पडली, कंबरेतून मोडली. तिचा मुलगा दीपक तिला नालासोपाऱ्याला घेऊन गेला आणि ती तिकडेच वारली. तेव्हा मनमायाने हे गाव पाहिलंही नव्हतं.

हेमाताईंनी मनाची समजूत घातली. अंगणवाडीत काहीतरी कानावर पडलं असेल. शाळेत त्यांनी पोरांना कधी भुताखेताचं बोलू दिलं नव्हतं, आता स्वतःच कुठे तसला विचार करायचा? पण माघात सगळी बाग मोहरली आणि एकट्या रुसकीवर मोहराऐवजी तांबडी पालवी फुटली, तेव्हा त्यांनी त्या अंगाला जायचं टाळलं.

चिमाचं बोलणं वाढत गेलं. ते नेपाळी नव्हतं, बापाचं मोडकं हिंदी नव्हतं, अंगणवाडीतलं मराठीही नव्हतं. वाडीतली जुनी माणसं बोलायची ती बोली होती, आता जी बोलायला वाडीत फारसं कुणी उरलं नव्हतं. हेलही गोदाचाच, शब्दाच्या शेवटाला किंचित उचललेला. पोर उठताना कंबरेवर हात ठेवायची. आई नेपाळीत हाक मारी तेव्हा शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशी ऐकून घ्यायची.

एका संध्याकाळी मनमाया तिला भात भरवत होती. दोन घास खाऊन पोरीने आईकडे बराच वेळ निरखून पाहिलं. रागाने नव्हे, मायेनेच. मग विचारलं, "तू कुठली गो?"

दुसऱ्या दिवशी मनमायाने हे हेमाताईंना सांगितलं. बाकीचं मराठी तिला जेमतेम येत असेल, पण हे तीन शब्द तिला पक्के ठाऊक होते. दुकानात, एसटीत, नळावर, या गावात आल्या दिवसापासून तिला तेच विचारलं जात होतं. दुकानदाराला ती नेपाळ म्हणून सांगायची. पोटच्या पोरीला काय सांगायचं?

याच सुमारास वाडीतलं एक बंद घर फोडलं गेलं आणि देवघरातली पितळी भांडी नाहीशी झाली. चोर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण संशयाला कुठे पुरावा लागतो? मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने ठराव पाठवला, की आंबा संपल्यावर एकाही परप्रांतीयाने गावात राहायचं नाही, आणि ज्याच्या बागेत कुणी राहील त्याने जबाबदारी घ्यायची. ठराव मांडायला गोदाचा दीपक स्वतः आला.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. कुणी म्हणालं, हे लोक गेले तर फवारणी कोण करणार, चिऱ्याच्या खाणीत कोण उतरणार? कुणी म्हणालं, आपली पोरंही परमुलखातच पोट भरतात की. दीपक हे सगळं ऐकून घेऊन उठला. आता पंचेचाळिशीचा, पण वर्गात मागे बसणारा मुलगा म्हणून तो हेमाताईंना चांगला आठवत होता. तो आरडाओरडा करणारा नव्हता. गिरगावातली चाळ पाडली तेव्हा आपण कसे विखुरलो, कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला, आणि मागे वळून बघितलं तर आपल्यातलं कुणी उरलंच नव्हतं, ते त्याने सांगितलं. "तिकडे आम्ही संपलो, बाई," तो हेमाताईंकडे बघून म्हणाला. "इकडे तरी गाव आमचं राहूदे."

"गाव राहायला गावात माणूस लागतं, दीपक," हेमाताई म्हणाल्या.

सभेत दोन तट पडले. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरख्याचे कागद बघायला म्हणून दीपक बागेत आला. हेमाताई तिथेच होत्या. धनबहादूर निमूटपणे आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं कार्ड काढून घेऊन आला. दीपक मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढत होता, तेवढ्यात चिमा तांब्या घेऊन बाहेर आली. दोन्ही हातांनी तांब्या सांभाळत ती थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दिपग्या, वाळलास रं," ती म्हणाली. "तिकडं जेवाय घालत नाय का कोन?"

दीपकच्या हातातला मोबाइल खाली आला. तो मातीतच बसला. चिमाने तांब्या त्याच्या हातात दिला आणि फ्रॉकच्या टोकाने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग जवळजवळ ऐकू येणार नाही असं तो म्हणाला, "आये?"

पोरीने हूं केलं, जसं काही तो शाळेतून घरी आला होता.

मनमाया दारातून बघत होती. बोललेलं तिला कळलं नाही, पण आपली लेक दुसऱ्या कुणाची तरी आई झाली आहे, एवढं कळलं.

त्यानंतर दीपक मुंबईला गेलाच नाही. त्याने ठराव मागे घेतला. जो गावात राहतो तोच गावकरी, असं आता तो घरोघर सांगत फिरू लागला, सभेत बोलला होता त्याच तळमळीने. लोक चक्रावले. आपलं बंद घर त्याने उघडलं, झाडून काढलं, मीटर चालू करून घेतला आणि गुरख्याने बिऱ्हाड तिथे हलवावं, भाडं नको, असा निरोप पाठवला. हेमाताईंना वाटलं, चला, निदान चांगलंच झालं. पक्कं छप्पर मिळेल, पोर शाळेजवळ राहील. मनमायाला घर दाखवायला त्या स्वतः घेऊन गेल्या.

चिमा आईचा हात सोडून पुढे गेली. उंच उंबरा तिने खाली न बघता ओलांडला. माजघरातून अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीमागच्या कोनाड्यात हात घालून तिने मिश्रीची गंजलेली डबी काढली. मग भिंतीला टेकून बसली, झाकण उघडलं आणि काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांना चोळू लागली. डोळे मिटलेले.

मनमायाने धावत जाऊन तिला उचललं, पदराने तिचं तोंड पुसलं, पुसतच राहिली. वळली तर दारात दीपक उभा.

"बघितलंत ना बाई? तिला सगळं ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "ह्यांना जायचं असेल तर जाऊदे. तिला राहूदे."

तो दारातून हलेना. मनमायाची नखं हेमाताईंच्या दंडात रुतली. चिमा आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे हात पसरत होती.

हेमाताईंचा आवाज निघाला तो वर्गातला. "दीपक, बाजूला हो."

तो बाजूला झाला. शाळेत व्हायचा तसाच, मान खाली घालून.

त्याच दिवशी धनबहादूर आणि मनमायाने पोरीला घेऊन गाव सोडलं. हेमाताईंनी रिक्षा बोलावली आणि स्वतः रत्नागिरी स्टेशनपर्यंत सोबत गेल्या. वाडी मागे पडली तशी पोर रडू लागली. ते रडणं लहान मुलाचं नव्हतं. म्हातारं माणूस रडतं तसं, आवाज न चढवता, एका लयीत. "नगो न्हेव रं," ती म्हणत होती, "माला हितंच ऱ्हाऊदे." रिक्षावाल्याने दोनदा आरशातून मागे पाहिलं. मनमाया तिच्या कानाशी नेपाळीत काहीतरी गुणगुणत होती, न थांबता. स्टेशनचा चढ लागला आणि चिमा गप्प झाली, मग झोपली. गाडीत चढवतानाही जागी झाली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मनमायाचा फोन आला. पोरगी आता दिवसभर बोलते, आमच्या भाषेत बोलते, एवढंच तिने सांगितलं. मागून चिमाचा खिदळण्याचा आवाज येत होता. हेमाताईंनी तिला फोनवर बोलवायला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामाला बागेत माणसं ठेवताना त्यांनी मुकादमाला आधीच बजावलं होतं, की लहान मूल असलेलं जोडपं नको. दोन बिनलग्नाचे पोरगे आले. त्यांच्यासोबत आलेल्या, लहान मूल असलेल्या एका जोडप्याला मुकादम परत पाठवणार होता, पण दीपकने त्यांना ठेवून घेतलं. त्याच्याकडे बाग नव्हती की राखण करण्यासारखं काही नव्हतं. घरात राहा, एवढंच काम.

हेमाताई वाडीतून चालल्या होत्या. दीपकच्या अंगणात त्या जोडप्याचं मूल पायरीवर बसवलेलं दिसलं. दीडेक वर्षाची मुलगी, डोळ्यांत काजळ, हातात भाकरीचा तुकडा. आईबाप कुठे दिसत नव्हते. हेमाताईंची चाहूल लागली तरी दीपकने मागे वळून बघितलं नाही. पोरगी अजून बोलत नव्हती. तो तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.