तुलाबाबाची दांडी

त्या बुधवारी अल्लीपूरच्या बाजारात भाजीवाल्यांकडे गिऱ्हाईक नव्हतं. सगळी गर्दी चिंचेखाली. फांदीला दोरीने बांबूची दांडी टांगलेली, तिला दोन मोठी पारडी. एका पारड्यात माझी चौदा वर्षांची मुलगी गुलाब बसली होती आणि दुसऱ्यात तुलाबाबा वजनं चढवत होते.

"मांगं दोन मण भरली होती न पोरगी? आता पाहा! सहा शेर कमी! तीन हप्त्यांत!" बाबा ओरडले. "चरबी म्हणजे मागच्या जन्माचं पाप! माझं तीर्थ पोटात गेलं, की पाप पानी होऊन वाहून जाते!"

लोकांनी जयजयकार केला. मीही हात जोडले. मी, कृष्णकांत, गावच्या शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर.

गुलाबचं अंग सुटलं होतं. शाळेत मुली चिडवत. घरी पाहुणे आले, की तिची आई प्रमिला तिला आतच बसायला सांगे, आणि मी गप्प राही. बाबांचं नाव कानावर आलं तेव्हा मीच तिला घेऊन गेलो. जेवण बंद, दोन वेळा बाटलीतलं तीर्थ आणि मूठभर मुरमुरे. दिवसभर तिच्या पोटात कळा येत, लोटा घेऊन ती सारखी बाहेर धावे. "पाप निघतंय," मी प्रमिलाला सांगत होतो.

पारड्यातून उतरताना गुलाब माझ्या कानाशी लागली. "अण्णा, दांडीची दोरी मांगच्या खेपेले होती तिथं नाई आज. सरकवली."

"चूप राह्य. लोक पाहून राह्यले."

ती माझ्यामागे चालू लागली. घराकडे येताना रस्त्यातच कोसळली.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर मधुकररावांनी तिची धावती नाडी आणि सुकलेले ओठ पाहिले. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी बाटलीतला गाळ कागदावर ओतला. तेलकट डाग पसरला.

"मला तर जमालगोटा दिसतो. जहाल जुलाब. कमी झालं ते अंगातलं पाणी, चरबी नाही. आणखी आठ दिवस पाजलं असतं, तर मास्तर, पोरगी हातची गेली असती."

मला त्यांच्याकडे बघवेना. "मग हिचं वजन?"

"वाढीचं वय आहे. उपाशी ठेवायचं नाही. भाकरी, वरण, भाजी, ताक पोटभर द्या. तळलेलं आणि गोडधोड कमी करा, पण घरातल्या सगळ्यांचंच. रोज खेळू द्या. उंची वाढेल तसं अंग हळूहळू बसेल. आणि हो, तिला टोमणे मारणं बंद."

पुढच्या बुधवारी गुलाब म्हणाली, "अण्णा, मले बाजारात जायचं आहे."

चिंचेखाली गावातल्याच आनंदाबाई आपल्या लेकीला पारड्यात बसवत होत्या. मी थांबा म्हणालो, तशा त्या चकित झाल्या. "काऊन? तुमी शिकलेले मास्तर पोरीले आणत होते, म्हणून तर मी आली."

त्या गर्दीतले निम्मे लोक माझ्याकडे पाहून आले होते.

गुलाब पुढे झाली. "मावशी, तिले उतरवा. दोन्ही पारड्यांत दहा-दहा शेर ठेवून पाहू."

"देवाच्या तुलेले हात लावते? भस्म होशील!" बाबा गरजले.

"हात मी लावतो," मी म्हणालो. "भस्म व्हायचं तर मी होतो."

सारखीच वजनं ठेवली, तरी पोरं बसत ते पारडं खाली गेलं. वजनांची अदलाबदल केली. पुन्हा तेच पारडं खाली.

मग जे मी दरवर्षी सातवीच्या फळ्यावर काढतो, ते गुलाबने समजावलं. दोरी बोटभर सरकवली, की दांडीची एक बाजू लांब होते आणि त्या बाजूचं ओझं जास्त भरतं. पहिल्या दिवशी पोरगं लांब बाजूला, म्हणून जड. पुढच्या खेपेला दोरी मधोमध, म्हणून हलकं. रिकामी दांडी सरळ दिसावी म्हणून आखूड बाजूच्या पारड्यात नारळ आणि अंगाऱ्याची पिशवी, पूजेच्या नावाखाली. बाकीचं काम जमालगोट्याचं.

आनंदाबाईंनी नुकतीच घेतलेली तीर्थाची बाटली मातीत उपडी केली. बाबा झोळी उचलून निघाले, तर लोकांनी त्यांना धरून चौकीवर नेलं.

मी तिथेच उभा राहून सांगितलं, "बाबानं तुम्हाला फसवलं, पण भरवसा माझ्यामुळे बसला. माझ्या पोरीला फसवणूक दिसली होती, मी तिचं तोंड बंद केलं. मला माफ करा."

वर्षभरात गुलाबचं अंग बरंच बसलं. ती मैदानावर लंगडी खेळते, आमच्यासोबत पोटभर जेवते. मला माफ केलं का, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आईबापांनो, मुलाचं वजन वाढलं तर डॉक्टरांना दाखवा. घरात त्याला हसू नका, उपाशी ठेवू नका. आणि प्रश्न विचारला की जो शाप देतो, त्याच्या हातचं काहीही मुलांच्या तोंडात घालू नका.