सगळ्यात चांगला काप

रुग्णांच्या शरीरातून तपासणीला आलेल्या, मेणात रुतवलेल्या मांसाच्या कणाचे केसाहून पातळ काप काढायचे, हे माझं काम. एकवीस वर्षं करतेय. यंत्राचा दांडा फिरवला की कापांची फीत निघते. त्यातले सुरकुतलेले, फाटलेले टाकायचे आणि सगळ्यात चांगला काचेवर घ्यायचा. आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतका स्वच्छ काप कुणी काढत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ क्रेन चालवतो. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, काहींचा दाब आम्हाला बघूनच चढतो. घरी मोजा आणि वहीत लिहून आणा. भावजय मोजायला तयार होती, पण हा म्हणाला, ताईचा हात चांगला. मला कोण अभिमान! दर रविवारी तो यायचा आणि मी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळायची.

पहिला आकडा एकशे सत्तर आला, की मी म्हणायची, जिना चढून आलायस, जरा दम घे. दुसरा एकशे साठ. तर मध्येच बोलला म्हणून त्याच्यावर डाफरायची. मग तिसरा, चौथा. पाचव्यांदा एकशे अडतीस आला, की तो वहीत. बाकीचे बिघडलेले, म्हणून टाकून द्यायचे. खोटा आकडा एकही लिहिला नाही, याचा मला केवढा तोरा होता. वही बघून डॉक्टर निर्धास्त झाले. गोळी दिली ती सगळ्यात हलकी, आणि क्रेनवाल्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीतही वहीवरच भागत गेलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. यंदा त्याच्या पायांवर सूज आली, लघवीतून प्रथिनं जायला लागली, आणि त्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासणीसाठी आमच्याकडेच आला. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन धजेना. काप मीच काढला.

रंग नीट चढलाय का, ते बघायला काच भिंगाखाली ठेवली. लहान धमनीची भिंत एरवी बेताची असते आणि आत ऐसपैस वाट. इथे नुसती भिंतच होती. कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे चढलेले आणि मधली वाट सुईच्या टोकाएवढी. मी काच सरकवली. पुढची धमनी तशीच, त्यापुढचीही तशीच. चांगली म्हणून उचलावी अशी एकही सापडली नाही.

काचा बघून निदान करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना हा माझा भाऊ हे माहीत नव्हतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की दाब सोसायला भिंत जाड होत जाते, भिंत जाड झाली की वाट आक्रसते, आणि वाट आक्रसली की दाब आणखी चढतो. गेलेलं आता परत येणार नाही, उरलंय तेवढं जपायचं. किती दिवस जपता येईल, ते त्या बोलल्या नाहीत.

"हे काही एका वर्षाचं काम नाही," त्या म्हणाल्या. "याचा दाब घरी कुणी मोजत नव्हतं का?"

"मोजत होतं," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेले. मला माझीच किळस आली होती.

संध्याकाळी भावाकडे गेले. तो स्टुलावर पाय ठेवून बसला होता; क्रेनवरून त्याला आठवड्यापूर्वीच उतरवलं होतं. भावजय आत गेल्यावर मी सगळं कबूल केलं. पाच-पाच वेळा मोजलं ते, टाकून दिलेले आकडे, सगळं. वाटलं, आता हा शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, आकडे मलाही दिसायचे की," तो म्हणाला.

"मग सात वर्षं तोंड शिवलं होतंस का?"

"क्रेन सुटली असती. " त्याने आतल्या खोलीकडे मान वळवली. "हिने एकदाच मोजलं असतं आणि येईल तो आकडा लिहिला असता. म्हणून तर तुझ्याकडे यायचो."

त्याच्या थोबाडीत एक ठेवून द्यायला मी हात उचलला, आणि तो हात त्याच्या पायावरच ठेवला. अंगठ्याखाली सूज दबली. अंगठा काढला, तरी तिथला खळगा कितीतरी वेळ भरून आला नाही.