नव्वदच्या वर

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय एकाहत्तर, वजन एकशे चार आणि दोन्ही गुडघे बाद. डॉक्टर म्हणाले, "नव्वदवर आणा, मग ऑपरेशन करू." नानांनी लगेच मान डोलावली. पंचायत समितीत छत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक अर्जाला अशीच मान डोलावली होती, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

शेव बंद, भरताला चमचाभर तेल, सकाळी मैदानाला दोन फेऱ्या. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. पिंप्राळ्यात भेटेल त्याला मी तो आकडा सांगितला. दुसऱ्या महिन्यात पाच किलो चढले. डॉक्टरांनी थायरॉइड तपासला. तो निर्दोष निघाला.

गुरुवारी नाना "देवळात जातो" म्हणून काठी घेऊन निघाले. मी अंतर ठेवून मागे. देवळाला त्यांनी रस्त्यावरूनच नमस्कार केला आणि मागच्या कॉलनीतल्या मांडवात शिरले. उत्तरकार्याची पंगत बसली होती. गुडघ्यांमुळे नानांना खुर्ची-टेबल मिळालं. पुढ्यात वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, बट्टीवर तूप. वाढपी त्यांना नावाने ओळखत होता.

"कोण वारलं, नाना?"

"अजून विचारलं नाही. बस."

बायकांच्या पंगतीत आई दिसली. मी तिच्यापाशी गेलो. "तुला माहीत होतं?"

"बठ्ठासले माहीत शे," आई बट्टी कुस्करत म्हणाली. "तुलेच नही."

"सगळ्यांना? मोहिनीलासुद्धा?" मोहिनी माझी बायको. नानांच्या भाकऱ्या रोज मोजून वाढणारी.

"मांडव कोठे शे ते तीच सांगस."

मी परत नानांकडे आलो. "तुमच्यासाठी मी भात सोडला, नाना."

"मी सांगितलं होतं? माझ्याबरोबरच्या जीवरामने गुडघे बदलले, सहाव्या दिवशी गेला. त्याच्याही पंगतीला मी जेवलो."

"मग ऑपरेशन नको म्हणायचं."

"दोनदा म्हटलं. तू भरताचं तेल मोजत होतास. आणि चार किलो उतरले तर तू ऑपरेशनची तारीख घेऊन आलास. मला विचारलं? मोहिनीने सांगितलं म्हणून कळलं. त्याच दिवसापासून मांडव शोधतोय."

तारीख मी घेतली होती, त्या वेगाने तोवर नव्वद होतील असा हिशेब करून. नाना घाबरतील म्हणून आदल्या दिवशी सांगणार होतो.

फोन काढला. "रद्द करतो."

"स्पीकरवर लाव."

लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, तारीख शोधली, रद्द झालं म्हणाल्या. नाना घास हातात धरून ऐकत होते.

"परत म्हणायला लाव."

त्या परत म्हणाल्या. तेवढ्यात वाढपी तूप घेऊन आला. नानांनी ताटावर हात आडवा धरला. गेले तीन महिने हा हात मी मागत होतो.

"उद्यापासून फिरेन," ते म्हणाले. "गुडघ्याच्या गोळ्याही घेईन. पण वजन रुपचंदच्या दुकानातल्या काट्यावर करेन. किती भरलं, ते तुला सांगणार नाही."