रविवारचा दुसरा आवाज

रायपूरच्या एका विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी नोकरी करते. म्हणजे स्वागत समारंभ, दिवाळी मेळा, पुरानी बस्तीतल्या देवळांची सहल आणि कुणाला ताप आला तर दवाखाना, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यात साहेबांनी 'रविवारचं घर' काढलं. प्रत्येक परदेशी मुलाला शहरातलं एक कुटुंब, दर रविवारी तिथं जेवण. तेलीबांध्याच्या फ्लॅटवाल्यांच्या उड्या गोऱ्या पोरांवर पडल्या, फोटो छान येतात ना. श्रीलंकेची दिलिनी, सावळी आणि अबोल, तेवढी उरली. मी तिला आपल्याच घरी आणली.

सासूबाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रीना, काहून आणली व हिले? आपलं तिखट झेपन काय तिले?"

नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दिलिनीनं वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

संध्याकाळी सासूबाई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून नेहमीसारख्या एकट्याच त्रिशरण म्हणायला बसल्या. रेल्वेत असलेले सासरे होते तोवर वंदना जोडीनं व्हायची. ते गेल्यावर त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाका मारून पाहिल्या. लोकेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "आप कर लो ना, मां." आणि माझा कुकर नेमका तेव्हाच गॅसवर असायचा.

त्या दिवशी मागून दुसरा आवाज आला. दिलिनी हात जोडून बसली होती. पाली शब्द तेच, चाल मात्र निराळी. ती एकेक ओळ लांब ओढायची, सासूबाई भरभर पुढं. पार बोजवारा उडाला.

"किती लांबवते ही पोट्टी," सासूबाई चिडल्या.

पण पुढच्या रविवारी दुपारपासून दारात उभ्या. हळूहळू त्या सावकाश झाल्या, ती थोडी घाई करायला लागली, आणि दोघी कुठंतरी मध्ये भेटल्या. दोन वर्षं माझी सासू रविवारी सुखी होती. तेवढी सुखी मी तिला एरवी पाहिली नाही.

दिलिनीची पदवी झाली. विमानतळावर सासूबाई रडल्या नाहीत. घरी येऊन रडल्या.

पुढच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडं दिवा, इकडं मेणबत्ती. पण दिलिनीचा आवाज मागाहून पोचायचा. सासूबाई तिच्यासाठी थांबायच्या, मग तीही थांबायची, मग दोघी एकदम सुरू. शेवटी सासूबाईंनी जोडलेले हात सोडले.

"राहू दे व. पोट्टी दिसून राहिली, पण सोबत नाही येऊन राहिली."

नवीन मुलं आली. "भूतानची एक पोरगी आहे, आणू?" मी विचारलं.

"आण, जेऊ घालू," त्या म्हणाल्या. वंदनेचं नाव काढलं नाही.

काल रविवार होता. मेणबत्ती लागलेली पाहिली आणि मला राहवलं नाही. गॅस बंद केला, त्यांच्यामागं जाऊन बसले आणि बरोबर म्हणायला लागले. लग्नाआधी नागपूरला रोज म्हणायचे, तोंडपाठच आहे. पहिली ओळ एकत्र संपली. मी दुसरी उचलली, तर सासूबाई गप्पच.

"थांब ना व," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "तिचा आवाज यायले वेळ लागते."

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. मी थांबले.