तिसरा घोट

मोहल्ला जळून तीन दिवस झाले होते. सकाळी मी बाबांची दाढी उतरवली. चाळीस वर्षांनी उजेडात आलेली ती हनुवटी नुकत्याच जन्मलेल्या जीवासारखी लाजत होती. टोपी लपवावी लागली नाही. ती घरासोबत गेली, धर्म लिहिलेली ओळखपत्रेही. दोघांच्या गालांवर मी बर्मी लोक लावतात तो थनाखाच्या सालीचा पिवळा लेप फासला. मंडालेपर्यंत मी फक्त नीलार, ते ऊ बा सो. सफुरा आणि इस्माईल ही नावे राखेतच राहू द्यायची होती; बसमध्ये तिकिटे काढताना मी नवी नावेच मोठ्याने सांगितली.

"लष्कर जातंय, लोकशाही येतेय म्हणे," बसमध्ये बाबा पुटपुटले. "सगळ्यांना बोलायची मुभा. आणि तू मला तोंड उघडू देत नाहीस."

"बाबा, गप्प बसा ना."

भर दुपारी एका चिंचेखाली बस अडवली गेली. पाच तरुण, हातांत बांबू.

"उतरा सगळे. मशिदीवाले पाहुणे किती लपलेत, बघू."

झाडाखाली वाटसरूंसाठी माठ मांडले होते. एकाने बाबांना निरखले, मग पेला भरला.

"आजोबा, फार घाम फुटलाय. घ्या, पाणी प्या."

मी दाढीचा विचार केला होता, नावांचा, सलामासाठी आपसूक उठणाऱ्या हाताचा. पाण्याचा केला नव्हता.

बाबांनी पेला उजव्या हातात घेतला आणि ते उकिडवे बसले. उभ्याने पाणी त्यांनी जन्मात प्यायले नव्हते; बसून, तीन घोटांत, ही लहानपणी मशिदीत शिकलेली रीत. एक घोट, श्वास. दुसरा घोट, श्वास. तिसऱ्याआधी त्यांना उमगले. पेला ओठांशीच थिजला.

"बसून? आणि असं थांबून थांबून?" तो तरुण हसला. "आमच्या नाक्यावरचा चहावाला अस्साच प्यायचा."

'प्यायचा' म्हणाला तो. 'पितो' नाही.

"अरे ए बांबूवाल्या!" आमच्या मागच्या बाकावरची कांद्यांची पाटीवाली म्हातारी कडाडली. "गुडघे गेलेत त्याचे. स्वतःच्या आजाला असा उन्हातान्हाचा खाली उतरवतोस का रे? ऊ बा सो, उठा! पुरे झाली नाटकं!"

तिने बाबांना दंडाला धरून उभे केले. तरुण बघत राहिला. बाबांनी तिसरा घोट उभ्यानेच घेतला. पाणी गळ्यात उतरताना मला दिसले. उघड्या हनुवटीखालून, अडखळत.

बांबू बाजूला झाला.

बस सुटल्यावर म्हातारी खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "पुढच्या फाट्यावर उतरा, पोरी. एकदा बोलले. पुन्हा बोलायचं बळ नाही माझ्यात. नातवंडं आहेत."

"मावशी, मंडाले अजून..."

"उतरा म्हटलं ना."

आम्ही उतरलो. बसची धूळ खाली बसली. चहूकडे तिळाची उजाड राने. माणूस नाही, गुरेढोरे नाहीत. मी पिशवीतली बाटली बाबांपुढे धरली.

त्यांनी पुढे पाहिले. मागे पाहिले. पुन्हा पुढे पाहिले.

"कोणी बघत नाही ना?"

"कोणीसुद्धा नाही, बाबा. बसा. निवांत प्या."

ते बसले नाहीत. त्या रिकाम्या रानात, उभ्यानेच, एका दमात त्यांनी बाटली संपवली.